बेलोऱ्याचे आभाळ आणि दहा सेकंद

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. अकोल्याच्या शिवणी धावपट्टीचा विस्तार वर्षानुवर्षे रखडल्याने वऱ्हाडाची भिस्त आता बेलोऱ्यावरच. तिथेच एअर इंडियाच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेची ३४ विमाने उडवण्याची योजना आहे. म्हणजे प्रवासी एटीआर आणि शिकाऊ वैमानिक, धावपट्टी एकच. यात धोका कुठे?

नजरेच्या भरवशावरील उड्डाणाला साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. एटीआर आणि छोटे विमान समोरासमोर आले, तर दोघांचा मिळून वेग ताशी ५५० किलोमीटरच्या घरात जातो. ५ किलोमीटर सुमारे ३२ सेकंदांत संपतात. पावसात दृश्यमानता दीड किलोमीटरवर आली, की उरतात जेमतेम १० सेकंद. समोरचे विमान दिसून वैमानिकाने वळेपर्यंतच साडेबारा सेकंद जातात, असे अमेरिकी नियामकाचे गणित सांगते.

चरखी दादरीवर १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दोन विमाने धडकून ३४९ जण गेले. त्यानंतर भारतात प्रवासी विमानांना टक्कररोधक यंत्रणा सक्तीची झाली. मात्र समोरच्या विमानातला ट्रान्सपॉन्डर बंद असेल, तर ही यंत्रणा आंधळीच! म्हणून प्रत्येक शिकाऊ विमानात तो चालू हवा. शिवाय ढगाळ दिवसांत मुंबईचे विमान येता-जाता सरावाची विमाने जमिनीवरच ठेवावीत. सरावाचे तास बुडतील, खर्च वाढेल, तो सोसावा. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने हे वेळापत्रक पावसाळ्यापूर्वी जाहीर करावे आणि थोडक्यात टळलेल्या प्रत्येक टकरीची नोंदही लोकांपुढे ठेवावी.