नक्षीचा धनी कोण?

भेस्तान, पांडेसरा व उधना या पट्ट्यात कापडाचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या बांधवांस ‘डिझाइन’ या शब्दाचा अर्थ नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु त्या डिझाइनचा धनी कोण, असे विचारले असता उत्तरे निरनिराळी येतील. किंबहुना काहींस हा प्रश्नच अप्रस्तुत वाटेल. संगणकाने चित्रकला, छायाचित्रण व नक्षीकाम यांत जी उलथापालथ चालविली आहे, तिजविषयी सर्वत्र पुष्कळ लिहिले-बोलले जाते. आम्हांस त्यातून हा एकच प्रश्न आपल्या बाजाराच्या जिव्हाळ्याचा वाटतो.

जुनी रीत ज्येष्ठांच्या स्मरणात असेलच. नक्षीकार कागदावर रंगांनी वेल, बुट्टी, काठ व पदर काढी. मग ट्रेसिंग करणारा कारागीर त्यातील एकेक रंग पारदर्शक फिल्मवर कुंचल्याने निराळा उतरवी, आणि प्रत्येक रंगाची स्वतंत्र स्क्रीन तयार होई. आठ रंगांची साडी म्हणजे आठ स्क्रीन. हे काम वेळखाऊ होते, खर्चाचे होते आणि एखादा रंग जरा सरकला तर माल फुकट जाई. तथापि त्या दिरंगाईत एक संरक्षणही दडलेले होते, हे आम्हांस आज उमगते. दुसऱ्याची नक्षी उचलू पाहणाऱ्यासही तीच सर्व खटपट करावी लागे, आणि तोवर मूळ व्यापाऱ्याचा बराचसा माल विकून झालेला असे.

आता नक्षी संगणकात राहते. पॉलिएस्टरवरील छपाईत ती प्रथम कागदावर उमटते; मग कागद व कापड तापलेल्या रुळाखालून एकत्र जातात आणि सुमारे 200 अंश उष्णतेस रंगाची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. स्क्रीनचा खर्च नाही, स्क्रीन धुण्याचे पाणी नाही. चार साड्या काढून गिऱ्हाइकाची आवड अजमावता येते, आणि लहान व्यापाऱ्याच्या गोदामात पडून राहणारा माल कमी होतो. हा लाभ थोडा नव्हे. पण ज्या यंत्राने आमची दिरंगाई गेली, त्यानेच ते संरक्षणही गेले. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरविलेले साडीचे छायाचित्र लवकरच दुसऱ्याच्या छापखान्यात माल होऊन बाहेर पडू शकते. 2022 पासून तर शब्द लिहून चित्र काढून देणारी साधने सर्वांच्या हाती आली आहेत. कॅटलॉगसाठी साडी नेसणारी स्त्रीही त्यांच्या साहाय्याने प्रत्यक्षात नसताना उभी करता येते. (पडद्यावरची मोरपंखी साडी घरी पोचल्यावर निळी निघते आणि परत येते, तो भाग निराळा.)

यंत्राला विरोध करावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्या सुरतेत 1863 साली त्रिभुवनदास गज्जर जन्मले, त्या सुरतेस ते शोभणारही नाही. गज्जर यांनी 1890 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास कलाभवन उभारले, आणि तेथे नव्या रसायनशास्त्राच्या आधारे रंगाई-छपाईचे शिक्षण दिले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात छायाचित्रण शिकले, पुढे गोध्र्यास त्यांनी स्टुडिओ थाटला आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. राजा रविवर्मा यांच्या मुंबईतील छापखान्याने 1894 पासून देवादिकांची चित्रे शिळाछापाने घरोघरी पोचविली. प्रती असंख्य निघाल्या, पण चित्र रविवर्म्याचे, हे घेणारास ठाऊक असे. आमच्या साडीवर गिरणीचे नाव असते, व्यापाऱ्याचा छाप असतो. नक्षीकाराचे नाव मात्र कोठेही नसते.

हा नक्षीकार कोण? उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतील कित्येक हात या धंद्यात रंगले. ज्यांस जमले त्यांनी कुंचला ठेवून माउस धरला. ज्यांस जमले नाही ते दुसऱ्या कामास लागले. यंत्र लक्षावधी छटा देते. परंतु कोणत्या दोन छटा शेजारी बसवाव्यात, हे अद्याप डोळ्यासच सांगावे लागते. त्या डोळ्याचे मोल आम्ही देतो काय? स्पष्टच लिहावयाचे तर, बाजारातला नमुना पुढे टाकून “असेच काढून द्या” असे आमच्यापैकी पुष्कळांनी कधी ना कधी म्हटलेले आहे.

कायद्याचा आधार आहे, पण तो आमच्या घाईला पुरत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोंदणीस पात्र असूनही न नोंदलेल्या डिझाइनच्या यंत्राने 50 हून अधिक प्रती निघाल्या की त्यावरील कॉपीराइट संपतो. 2000 च्या डिझाइन कायद्याने नोंदणी केल्यास प्रथम 10 व पुढे 5 वर्षे हक्क मिळतो. मात्र नक्षी लोकांपुढे येण्याआधी अर्ज करावा लागतो. ज्या मालाचे आयुष्य एका हंगामाचे, त्यासाठी एवढी यातायात कोण करणार?

आमच्या श्रावकाचाराने मात्र ही वाट केव्हाच अडवून ठेवली आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावावर नक्कल खपविणे, हा एक गणला आहे. येवल्याच्या विणकराने रेशीम व जर घेऊन हातमागावर विणलेली पैठणी आणि तिचे मोर-मुनिया छापलेली आमची पॉलिएस्टरची साडी, या दोहोंस एकच नाव देऊन महाराष्ट्रात माल पाठविणे या अतिचारात येते, असे आमचे मत आहे. छापील साडी अवश्य विकावी. चिठ्ठीवर ‘पैठणी नक्षीची छापील साडी’ असे लिहावे. पैठणीस भौगोलिक मानांकन लाभले असल्याने कायद्याच्या दृष्टीनेही ते श्रेयस्कर आहे.

उरला प्रश्न आपसांतील नकलेचा. आमची सूचना अशी की, मंडळाने नक्षीची एक वही ठेवावी. माल बाजारात येण्यापूर्वी सभासदाने नमुना, तारीख व नक्षीकाराचे नाव तीत नोंदवावे, आणि वाद उपस्थित झाल्यास पंचांनी त्या तारखेवरून निवाडा द्यावा. वही सभासदांपुरतीच बंधनकारक राहील आणि बाहेरचा नक्कल करणारा मोकळाच राहील, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे व तो खराही आहे. तरीही निदान आपल्याच शेजारच्या दुकानातील नक्षी तरी सुरक्षित राहील. वही कोणाच्या ताब्यात असावी आणि हंगाम संपेपर्यंत ती इतरांस पाहू द्यावी की नाही, एवढे दोन मुद्दे येत्या सर्वसाधारण सभेने ठरवावेत.