घडी बसवणारे हात

दादासाहेब फाळके आपणा नाशिककरांना ठाऊक आहेत. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले, १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणारे. पण सरस्वतीबाई फाळके किती जणांना ठाऊक आहेत? फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधणे ही कामे त्यांनी उचलली, म्हणून दादासाहेबांना चित्राकडे लक्ष देता आले.

हे आठवण्याचे कारण वेगळेच. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरताना एका पानावर 'जतन करा', दुसऱ्यावर 'सेव्ह', तिसऱ्यावर नुसते 'पुढे' दिसले. अर्ज अडकला. तो सोडवायला सोबत आलेल्या वडिलांचा द्राक्षबागेतला एक रोज बुडाला. ती पाने आखणारे काही अडाणी नसतील. पण एकाचे काम दुसऱ्याला दाखवणारा, शब्द एकच ठरवणारा, वापरणाऱ्यांना आधी विचारणारा तेथे कोणी नसावा.

मोठ्या कंपन्यांत या कामाला 'डिझाइन ऑपरेशन्स' म्हणतात. माणसे, साधने, वेळापत्रक, ठरलेल्या शब्दांची आणि बटणांची एकच वही, हे सारे सांभाळायचे आणि आखणाऱ्याला निवांत आखू द्यायचे.

'जो स्वतः रेघ ओढत नाही, त्याला पगार कशाला?' असे कोणी विचारील. माझे म्हणणे एवढेच, की हे काम टळत नाही. नेमलेला माणूस नसला, तर ते कोणाच्या तरी अंगावर फुकट पडते, आणि कोणीच केले नाही तर त्याची किंमत माझ्या वडिलांसारखा माणूस मोजतो. म्हणून त्या कामाला पद द्यावे, पगार द्यावा आणि नावही द्यावे.