मोरजीची बैठक

आपल्या मंडळाने गतवर्षी किनाऱ्यावरील एका हॉटेलात व्यापारी मेळावा भरविला होता, हे सभासद बंधूंच्या स्मरणात असेलच. व्यवस्था चोख होती. व्यासपीठ होते, ध्वनिक्षेपक होता, पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ होते, आणि निघताना प्रत्येकाच्या खिशात इतरांची छापील कार्डे पत्त्यांच्या जोडासारखी जमली होती. सत्कारांची यादी मात्र इतकी लांबली की सूर्यास्तापूर्वी आटोपावयाचे भोजन राहून गेले, आणि आमच्यापैकी कित्येक वडीलधारी मंडळी उपाशीच घरी परतली. यजमानपण पत्करणाऱ्यांत आम्हीही होतो. सबब हा दोष आमच्याही माथी आहे.

तेवढ्यावर भागले असते तर आज लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु त्या संध्याकाळी भिंतीलगत एक पन्नाशीचे गृहस्थ दोन तास उभे होते. आम्ही त्यांस नमस्कार केला, कार्ड दिले आणि पुढे सरकलो. चार दिवसांनी आमच्या पेढीवरील जुन्या दिवाणजींनी सांगितले की ते मोरजीचे किराणा दुकानदार. त्यांचे वडील वीस वर्षे आमच्याकडून तांदूळ व डाळी उधारीने नेत असत आणि दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी खाते न चुकता पुरे करीत असत. पावसाळ्याच्या मालास दोन महिन्यांची सवलत मिळाली तर दुकान चालू ठेवीन, एवढेच बोलण्यास चिरंजीव आले होते. बोलण्यास जागाच न मिळाल्याने न बोलताच गेले. त्या पावसाळ्यात दुकान बंद झाले.

या चुकीचे मूळ शोधू लागलो तेव्हा आम्हांस शिवोलीचा धक्का आठवला. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर आमचे वडील निपाणीहून म्हापशास आले व त्यांनी भुसार मालाची पेढी घातली. म्हापशाहून मोरजीस जावयाचे तर वाटेत शापोरा नदी आडवी येते. पूल होण्यापूर्वी शिवोलीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत बसावे लागे. शुक्रवारचा बाजार करून परतणारे मोरजी, मांद्रे, हरमल इकडचे दुकानदार तेथे पोत्यांवर बसत. वडिलांबरोबर आम्हीही कित्येकदा बसलो आहोत. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या खाजनाचा बांध फुटून भातात खारे पाणी शिरले, कोणाची वसुली कोठे अडकली, हे सर्व पलीकडच्या चोपड्याच्या तीरावर बोट लागण्यापूर्वी कळत असे. कोणास किती माल उधार द्यावा याचा हिशेब वडील त्या अर्ध्या तासात करीत, आणि तो क्वचितच चुके. पुढे पूल झाला. तो झाला हे उत्तमच झाले. रात्री-अपरात्री रुग्णास घेऊन धक्क्यावर तिष्ठणाऱ्यांस त्याची किंमत विचारावी. मात्र टेम्पो न थांबता जाऊ लागला, मागणी फोनवर येऊ लागली, आणि नदीपलीकडील गिऱ्हाईक आमच्या लेखी केवळ खतावणीतील एक पान होऊन बसले.

व्यापाऱ्यांनी एकत्र बसावे हा विचार नवा नाही. गोव्यातील व्यापारी संघटना पोर्तुगीज अमदानीत, १९०८ साली, स्थापन झाली. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर १९२७ साली उभे राहिले. हल्ली आयव्हन मिस्नर यांनी १९८५ साली अमेरिकेत सुरू केलेल्या बी.एन.आय. या संस्थेच्या शाखा आपल्याकडेही दिसतात. तेथे दर आठवड्यास सकाळी सभा भरते आणि कोणी कोणास किती काम मिळवून दिले याची नोंद ठेवली जाते. नोंदीस आमचा आक्षेप नाही. हिशेबाचे वावडे असणाऱ्याने व्यापारात पडूच नये. दर आठवड्यास भेटण्याची शिस्त तर घेण्यासारखीच आहे, कारण शुक्रवारचा धक्का नेमके तेच करीत असे. तथापि एका शाखेत एका धंद्याचा एकच सभासद, हा त्यांचा नियम आम्हां भुसारवाल्यांस मानवणारा नाही. कोणता दुकानदार अडचणीत आहे आणि कोणता केवळ टाळाटाळ करतो, हे दुसऱ्या भुसारवाल्याइतके कोणास ठाऊक असणार?

आमचे नम्र मत असे की पुढील बैठक मोरजीसच व्हावी, मात्र हॉटेलात नव्हे. एखाद्या शाळेची खोली पुरेशी आहे. ती हंगामात ठेवू नये. नोव्हेंबरापासून पर्यटकांची वर्दळ वाढते, दुकानदारास मान वर करण्यास फुरसत नसते. आणि त्याच सुमारास टेंबवाड्याच्या वाळूत कासवे अंडी घालण्यास येऊ लागतात, तेव्हा तेथे ध्वनिक्षेपक लावणे कोणालाही शोभणार नाही. मे महिन्यात पुरुमेताच्या खरेदीची घाई असते. चतुर्थी आटोपल्यानंतरचा पितृपक्ष आम्हांस सर्वांत सोयीचा वाटतो. त्या पंधरवड्यात पुष्कळजण नवा सौदा करीत नाहीत, आणि बैठकीत सौदा होऊ नये हीच आमची इच्छा आहे. शिवाय भाद्रपद वद्य प्रतिपदेस आपल्यातील अनेकांची क्षमावाणी होते. आप्तेष्टांची क्षमा मागून झाल्यावर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर बसण्यास मन थोडे मोकळे असते, असा आमचा तरी अनुभव आहे.

भाषणे नकोत, सत्कार तर मुळीच नकोत. प्रथम दुकानदारांनी बोलावे व घाऊक व्यापाऱ्यांनी ऐकावे. पंगतीत आपल्या दोन्ही बाजूंस अपरिचित मनुष्य असावा. वाढण्याचे काम पेढीच्या मालकांनी करावे. सूर्य मावळण्यापूर्वी पाने उचललेली असावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याची ओळख झाली त्याच्या दुकानी पंधरा दिवसांच्या आत स्वतः जाऊन यावे. मुनीम पाठवून चालणार नाही.

काही तरुण सभासद म्हणतात की या सर्वाने काय साधणार. मोठमोठी दालने उघडली, माल मोबाइलवरून घरपोच मिळू लागला, २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू होऊन पेडणे तालुक्यातील जमिनीस सोन्याचे मोल आले, मग किराणा दुकान चालविण्यापेक्षा जागा भाड्याने दिलेली बरी असे कोणास वाटणार नाही? त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. भावाच्या बाबतीत आम्ही त्या दालनांची बरोबरी करू शकणार नाही. परंतु एक पोते परवडत नसेल त्यास अर्धे देणे, वाड्यावर उकडा तांदूळ कोणता खपतो हे लक्षात ठेवणे, हरमलच्या मिरचीस २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा ती आपल्याही दुकानात ठेवावी असे सुचविणे, हे ओळखीवाचून होत नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बांधीव धान्यावर पाच टक्के जी.एस.टी. लागू झाला, तेव्हा बाजारात २६ व ३० किलोंच्या पिशव्या आल्या. त्या का आल्या हे आम्ही एका दुकानदारास ओट्यावर बसून समजावले, तेव्हा कोठे त्याचा आमच्यावरील संशय फिटला. तोवर आम्ही जास्त माल गळ्यात घालीत आहोत असेच तो समजत होता.

यात परोपकार किती व स्वार्थ किती, हेही स्पष्ट केलेले बरे. ती मोठी दालने म्हापशाच्या पेढ्यांवरून माल उचलीत नाहीत. नदीपलीकडची लहान दुकाने एकामागून एक मिटली तर आमच्या वखारींस कुलूप लागण्यास फारशी वर्षे लागणार नाहीत.

मोरजीच्या त्या दुकानाच्या जागी आता दुचाकी भाड्याने मिळतात. दुकानाचे मालक मांद्र्यास भावाकडे असतात असे दिवाणजींनी शोधून काढले आहे. बैठकीचे पहिले निमंत्रण घेऊन आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. ते येतील किंवा न येतील. वडिलांच्या खात्याचे जुने पान मात्र आम्ही सोबत नेणार आहोत.