‘मीट चॉपर’ या नावाआड दडलेला इतिहास

अमेरिकेच्या चौपदरी विमानविरोधी मशीनगनविषयी समाजमाध्यमांवर एकच कथा फिरत असते: विमाने पाडण्यात ती निकामी ठरली, मग सैनिकांना तिचा ‘खरा’ उपयोग गवसला आणि ती ‘मीट चॉपर’, म्हणजे मांसाचा खिमा करणारे यंत्र, झाली. कथा चटकदार आहे. इतिहास म्हणून मात्र ती टिकत नाही.

मॅक्सन कंपनीच्या एम-45 या फिरत्या बैठकीत 12.7 मि.मी. व्यासाच्या चार ब्राउनिंग मशीनगन असत आणि त्यांच्या मधोमध नेमबाज. बैठक विजेवर फिरे. नळ्या वर 90 अंशांपर्यंत उचलता येत आणि खाली 10 अंशांपर्यंत झुकवता येत. एम-3 हाफट्रॅकवर ती चढवून एम-16 हे वाहन सिद्ध झाले. मे 1943 ते मार्च 1944 या काळात अशी 2,877 वाहने बांधली गेली. नळ्या खाली झुकाव्यात म्हणून वाहनाच्या चिलखती कडासुद्धा दुमडण्याजोग्या होत्या! जमिनीवरील मारा हा रणांगणावर अवचित लागलेला शोध, असे म्हणणाऱ्यांनी निदान हे यंत्र तरी नीट पाहावे.

आणि ‘निकामी’ कशावरून? पाडलेल्या विमानांची बेरीज हा मापदंडच चुकीचा आहे. वैमानिकाचा नेम चुकला की या शस्त्राचे काम झाले. 7 मार्च 1945 रोजी रेमागेनचा पूल हाती येताच अमेरिकनांनी तेथे विमानविरोधी शस्त्रांची दाटी केली. त्यांत या चौपदरी मशीनगनही होत्या. जर्मनांनी जेट विमानेसुद्धा धाडली. पूल 17 मार्चपर्यंत उभा राहिला, आणि तोवर ऱ्हाईनवर तरते पूल तयार झाले होते.

तिची नळी जमिनीकडे वळली, कारण जर्मन विमाने विरळ होत गेली. कोरियातही तेच. पण त्याची किंमत कोणी सांगत नाही. वाहन वरून उघडे. प्रत्येक मशीनगनच्या पेटीत 200 गोळ्या, म्हणजे अर्ध्या मिनिटाचाही पुरवठा नाही. त्या जड पेट्या बदलणारे सैनिक शत्रूच्या गोळीच्या टप्प्यात उघड्यावर उभे. समोर धावत येणारी, त्या टोपणनावात ‘मांस’ ठरलेली, तीही कोवळी पोरेच.

पुढे व्हिएतनाममध्ये हीच बैठक एम-55 या नावाने मालमोटारींवर चढली आणि रसदीच्या ताफ्यांची राखण करू लागली. दक्षिण व्हिएतनामच्या आकाशात शत्रूच्या विमानांचा धोका जवळपास नव्हताच.