पहिल्या सामन्याचे पुण्यस्मरण

अमेरिकेतील कॉलेज-फुटबॉलचे जुने शौकीन आपल्या पहिल्या सामन्याची आठवण सांगू लागले म्हणजे त्यांचा कंठ दाटून येतो. (हा फुटबॉल हातात धरून पळावयाचा असतो, नावावर जाऊ नये.) वडिलांचे बोट, ऑक्टोबरची थंडी, बँडचा गजर! इथवर माझी तक्रार नाही. पण पाठोपाठ सुस्कारा येतो, ‘तेव्हा पोरे खेळासाठी खेळत, आता पैशासाठी खेळतात!’ तो मात्र मला सोसवत नाही.

अहो, पैसा तेव्हाही होता. फक्त तो पोरांच्या हाती पडत नव्हता. अ‍ॅन आर्बरचे प्रचंड मिशिगन स्टेडियम १९२७ साली उभे राहिले, ते काय हरिकीर्तनासाठी? १९५५ साली कोलोरॅडोतील फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करीत नाही म्हणे! हाच तो या मंडळींचा निर्मळ काळ.

२००७ साली अलाबामा विद्यापीठाने प्रशिक्षक निक सेबन यांना वर्षाला सुमारे ४० लाख डॉलरवर नेमले, तेव्हा खेळ बाटला नाही. मात्र जून २०२५ मध्ये न्यायालयाने तडजोड मान्य केली, कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली, आणि लगेच यांना सुतक आले. डेनिसनचे सुतक गॅलरीतल्या कितीजणांनी पाळले होते?