मुलाच्या हाती पहिली एअरगन

दिवाळीच्या सुटीत यवतमाळच्या आमच्या एका शिक्षकमित्राने विचारलेला प्रश्न वरवर साधा होता. दहावीत शिकणाऱ्या चिरंजीवांना एअरगन हवी आहे. शेतावर गेल्यावर एखादा ससा, एखादा तितर मारता यावा आणि एरवी रिकाम्या डब्यांवर नेम धरता यावा, अशी पहिली बंदूक कोणती घ्यावी? मित्राने माहितीपत्रकेही जमविली होती. त्यांत छऱ्याचा वेग, ऊर्जा, नळीचा व्यास असे सारे तपशील छापलेले होते. जे छापलेले नव्हते तेच अधिक महत्त्वाचे होते. म्हणून हा लेखप्रपंच.

या विषयावरचे बहुतेक लेखन परदेशी असते. इंग्लंडात शेतमालकाच्या संमतीने एअरगनने ससे मारता येतात. त्यामुळे कोणत्या प्राण्याला कोणत्या व्यासाचा छर्रा, किती अंतरावरून, याची चर्चा तेथील पुस्तकांत असणे स्वाभाविक आहे. ती चर्चा उचलून राळेगाव किंवा घाटंजीच्या शिवारात आणणे हा शुद्ध अविचार आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे दार बंद झाले आणि २०२२ च्या दुरुस्तीने ते उघडलेले नाही. ससा, तितर, लावा, होला, आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी म्हणून मिरविणारा हरियाल, हे सारे संरक्षित आहेत. ‘शिकार’ या शब्दाची कायद्यातील व्याख्याही पुष्कळ व्यापक आहे. केवळ मारणे नव्हे, तर जखमी करणे, हाकून आणणे, पक्ष्याचे घरटे किंवा अंडी मोडणे हेही तिच्यात येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असला किंवा शिकार अभयारण्यात झाली, तर त्याहूनही कडक. टिपेश्वर आणि पैनगंगा ही दोन अभयारण्ये आपल्या जिल्ह्यात आहेत. तेथे परवानगीवाचून हत्यार घेऊन शिरणे हाच गुन्हा आहे, मग चाप ओढलेला असो वा नसो.

यावर एक उत्तर ठरलेले असते. “रानडुकरे आणि रोही आमची तूर, सोयाबीन फस्त करतात, त्याचे काय?” ही तक्रार खरी आहे आणि तिची तड शासनाने लावलीच पाहिजे. पण एअरगन हा त्यावरील उपाय नव्हे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा १० ज्यूल भरते. एवढ्याने रानडुक्कर मरत नाही; ते जखमी होऊन बिथरते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच धुऱ्यावरून कापूस वेचणाऱ्या बायांना त्याचा सामना करावा लागतो.

लहान जिवांची गोष्ट याहून वाईट आहे. सातवीत असताना प्रस्तुत लेखकाने मागून आणलेल्या बंदुकीने बाभळीवरचा एक होला पाडला होता. पाडला म्हणजे मारला नव्हे. तो फांदीवरून घसरला, तुऱ्हाट्यांच्या ढिगाखाली शिरला आणि अंधार पडेपर्यंत सापडला नाही. सकाळी सापडला तेव्हा त्याच्यावर मुंग्या होत्या. त्या नेमाचे कौतुक मित्रांनी आठवडाभर केले. मला मात्र तो ढीगच आठवत राहिला.

या जिल्ह्यात फासेपारधी समाज आहे. फास लावून तितर-लावे धरणे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका. कायद्याने ती बंद केली, आणि तिच्या जागी पुरेसे काही दिले नाही, हे आपण सारे जाणतो. आज एखाद्या पारध्याच्या पिशवीत दोन तितर निघाले तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. तोच तितर नोकरदाराच्या मुलाने गंमत म्हणून मारला, तर तो ‘पोराचा छंद’ ठरतो. पोटासाठी केलेले अपराध आणि सुटीतला पराक्रम या न्यायाचा विचार ज्यांच्या हातात खडू आणि लेखणी आहे, त्यांनी तरी करावयास हवा.

कोणी सालिम अलींचे उदाहरण देतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत, शाळकरी वयात, त्यांनी एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून त्यांना कुतूहल वाटले, मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले, आणि तेथील मानद सचिव मिलर्ड यांनी त्या मुलापुढे जतन केलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडले. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे नावही त्या चिमणीवरूनच आले. गोष्ट सुंदर आहे. पण तिचे श्रेय बंदुकीपेक्षा उघडलेल्या खणांना अधिक जाते. शिवाय काळ बदलला आहे. अरुणाचल प्रदेशात, जेथे शिकार हा लोकजीवनाचाच भाग होता, तेथे २०२१ साली एअरगन स्वेच्छेने परत करण्याची मोहीम निघाली आणि दोन हजारांहून अधिक बंदुका लोकांनी जमा केल्या.

मग एअरगन घेऊच नये काय? तसे मुळीच नाही. डबे उडविणे हा निर्मळ आनंद आहे, आणि कागदावरचा नेम ही तर विद्या आहे. मात्र निवडीचे निकष त्यामुळे पार बदलतात. शिकार मनातून काढली की शक्तीचा मोह सुटतो, आणि शक्तीचा मोह सुटला की बंदूक बरी मिळते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या एअरगनचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा किंवा ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक, तिला परवाना लागतो. पहिल्या बंदुकीसाठी १० ज्यूलच्या आसपासची शक्ती भरपूर झाली. जास्त शक्तीच्या बंदुकीची स्प्रिंग कडक असते. ती दाबताना मुलगा दहा नेमांत थकतो आणि अकराव्यापासून त्याचे हात थरथरतात.

स्प्रिंगची, नळी मोडून भरावयाची बंदूक घ्यावी; हवेच्या टाकीच्या बंदुकीला पंप लागतो, आणि स्पर्धेच्या बंदुकांची किंमत लाखांच्या घरात जाते. नळीला आतून आटे आहेत ना, हे पाहावे. वणीच्या रंगनाथस्वामींच्या यात्रेत फुगे फोडताना आपला नेम का चुकतो याचे निम्मे उत्तर तेथील झिजलेल्या नळ्यांत असते. (उरलेले निम्मे आपल्यात.) दस्ता खांद्याला लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत; तीन-साडेतीन किलोची बंदूक लहानखुऱ्या मुलाला पेलत नाही. दुर्बीण तूर्त नको, साधी माशी आणि खाच पुरे. बंदूक देशी असली तरी कमीपणा नाही. रस्त्याकडेच्या ज्या सिमेंटच्या नळांवर आपण लहानपणी घोडा-घोडा खेळलो, ते बनविणाऱ्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने एअर रायफलीही बनविल्या आहेत.

स्प्रिंगच्या बंदुकीचा एक स्वभाव आहे. चाप ओढताच आतला दट्ट्या धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच बंदूक मागे-पुढे हलते. तिला आवळून धरले की नेम बिघडतो. तळहातावर सैल ठेवावी लागते. छऱ्यावाचून चाप ओढू नये, नळी मोडलेली असताना तर नाहीच, बोटे जातात. डब्यांमागे मातीचा जाड ढिगारा हवा, कारण दगडावरून छर्रा उलटतो आणि डोळा फोडावयास १० ज्यूल फार झाले. चष्मा लावावा. छर्रे शिशाचे, म्हणून हात धुतल्यावाचून डब्याला हात लावू नये.

कागदावरच्या नेमाचे अंतर १० मीटर, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. एन.सी.सी.तून या खेळाकडे वळलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनीत अंतिम फेरीत पोहोचल्या, सुमा शिरूर यांनी ४०० पैकी ४०० गुण घेतले आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत विश्वविजेता झाला, ते याच ठिपक्यावर.

मित्राने अखेर बेताच्या शक्तीची एक बंदूक आणली. विहिरीच्या मातीचा ढिगारा होताच; त्यापुढे कागद लावला. पहिल्या दिवशी चिरंजीवांनी पन्नास छर्रे झाडले. त्यांतले एकोणीस कागदाला लागले, आणि उरलेले नेमके कोणत्या बाजूला जातात हे पाहत बापलेक बराच वेळ त्या मातीशी उकिडवे बसले होते.