झडतीआधी परवाना तपासा



जर्मनीत गोळीबार किंवा चाकूहल्ला झाला की राजकीय पक्षांच्या मागण्या ठरलेल्या असतात : रस्त्यावर पोलीस वाढवा, शस्त्रबंदीचे विभाग वाढवा, विशिष्ट संशय नसतानाही झडती घेण्याची मुभा द्या. हॅम्बर्गच्या रीपरबानवर असा विभाग २००७ पासून आहे, लाइपझिगच्या आयझेनबान रस्त्यावर तो २०१८ मध्ये आला आणि झोलिंगेन येथील ऑगस्ट २०२४ च्या चाकूहल्ल्यानंतर अशा ठिकाणी कारणाशिवाय तपासणी करण्याचा अधिकार संघीय कायद्यातच आला. या मागण्यांच्या समर्थनार्थ अमेरिकेतील गुन्हेगारीशास्त्राचे दाखले दिले जातात. दाखले खरे आहेत, पण जर्मनीतील बंदुकीच्या हिंसेपुरता तरी त्यांचा अर्थ उलटा लावला जात आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

या संशोधनातील सर्वांत गाजलेला प्रयोग कॅन्सस सिटीचा. १९९२-९३ मध्ये तेथील एकाच बीटवर २९ आठवडे जादा गस्त ठेवून बेकायदा बंदुका शोधण्यात आल्या. जप्त बंदुकांची संख्या ४६ वरून ७६ वर गेली आणि बंदुकीचे गुन्हे १६९ वरून ८६ वर आले. त्याआधी लॉरेन्स शेरमन आणि सहकाऱ्यांनी मिनियापोलिसमधील पोलिसांना आलेल्या दूरध्वनींचा हिशोब मांडला होता; शहरातील सुमारे तीन टक्के पत्त्यांवरून निम्मे दूरध्वनी येत होते. बॉस्टनमध्ये १९९६ पासून पोलिसांनी सगळ्या वस्तीला वेठीस न धरता टोळ्यांमधील मोजक्या तरुणांना समोरासमोर बसवून इशारा दिला, सोबत मदतही देऊ केली, आणि तरुणांच्या हत्या झपाट्याने कमी झाल्या. या सर्वांचे सूत्र एकच : हिंसा सगळीकडे सारखी पसरलेली नसते, ती जेथे साचते तेथे नेमके जा. हे सूत्र विसरून सरसकट झडत्या घेतल्या तर काय होते, तेही न्यूयॉर्कने दाखवले. २०१३ च्या न्यायालयीन निकालात नोंद आहे की २००४ ते २०१२ च्या मध्यापर्यंत पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना अडवले, त्यांतल्या २३ लाख वेळा अंगझडती घेतली आणि त्यांतील ९८.५ टक्के झडत्यांत कोणतेही शस्त्र सापडले नाही. अडवलेल्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते.

मग जर्मनीत सामूहिक हत्याकांडांचा धोका कोठे साचतो? २६ एप्रिल २००२ रोजी एरफुर्टच्या गुटेनबर्ग विद्यालयात १६ जणांचा जीव घेणारा १९ वर्षांचा माजी विद्यार्थी नेमबाजी क्लबचा सदस्य होता आणि शस्त्रे परवान्यावर घेतलेली होती. ११ मार्च २००९ रोजी विनेन्डेनमध्ये सुरू झालेल्या हल्ल्यात १५ जणांना मारणाऱ्या मुलाने वडिलांचे परवान्याचे पिस्तूल घेतले होते. ते कुलूपबंद न ठेवता झोपण्याच्या खोलीत ठेवलेले होते. १९ फेब्रुवारी २०२० रोजी हनाऊमध्ये नऊ जणांची वंशद्वेषातून हत्या करणाराही परवानाधारक नेमबाज होता. ९ मार्च २०२३ ला हॅम्बर्गमध्ये यहोवा साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या सभागृहात शिरून गोळीबार करणाऱ्या माणसाचे पिस्तूलही परवान्याचेच. यांपैकी एकही शस्त्र रेल्वे स्थानकावरच्या किंवा बाजारपेठेतल्या झडतीत सापडले नसते. गोळी सुटण्याच्या दिवसापर्यंत प्रत्येक शस्त्रामागे सरकारने दिलेला परवाना होता. म्हणजे अमेरिकी संशोधन प्रामाणिकपणे लागू करायचे तर जर्मनीचा ‘हॉटस्पॉट’ शस्त्र परवाना कार्यालयातील फायलींमध्ये शोधायला हवा.

हॅम्बर्गचे प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. हल्लेखोराला पिस्तूल डिसेंबर २०२२ मध्ये मिळाले. जानेवारीत परवाना कार्यालयाकडे निनावी पत्र आले : हा माणूस मानसिकदृष्ट्या आजारी असावा, उपचार घेत नाही, धार्मिक लोकांवर आणि विशेषतः यहोवा साक्षीदारांवर त्याचा राग आहे. ७ फेब्रुवारीला दोन अधिकारी पूर्वसूचना न देता त्याच्या घरी गेले. पिस्तूल तिजोरीत नीट होते, एक काडतूस मात्र तिजोरीवर राहिले होते. तोंडी समज देऊन ते परतले. महिन्याभराने सहा जण आणि आईच्या पोटातले एक बाळ गेले. पोलिसांचे पथक काही मिनिटांत आत घुसले नसते तर आकडा वाढला असता. एरफुर्टनंतर गस्तीच्या पोलिसांना विशेष पथकाची वाट न पाहता आत शिरायला शिकवले गेले, हा बदल जीव वाचवणारा ठरला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण पत्राने इशारा माणसाबद्दल दिला होता आणि तपासली गेली ती तिजोरी. पहिल्या शस्त्रासाठी वैद्यकीय किंवा मानसशास्त्रीय दाखला सरसकट केवळ २५ वर्षांखालील अर्जदारांनाच द्यावा लागतो. हा माणूस ३५ वर्षांचा होता.

यावर नेमबाजी संघटनांचा आक्षेप असा की जर्मनीत सुमारे दहा लाख परवानाधारक आहेत, बहुतेक गुन्हे बेकायदा शस्त्रांनी होतात, मग मूठभरांसाठी सर्वांना संशयित का ठरवायचे? आक्षेपात तथ्य आहे. म्युनिकमध्ये २०१६ साली नऊ जणांना मारणाऱ्याने आपले ग्लॉक पिस्तूल डार्कनेटवरून घेतले होते. परवाना कार्यालय तेथे काहीच करू शकले नसते. टोळ्यांच्या भांडणांसाठी बॉस्टनची पद्धत जर्मन शहरांनीही आजमावावी. पण परवाना हा हक्क नसून विश्वास आहे, आणि जर्मन कायदा स्वतःच दर तीन वर्षांनी तरी परवानाधारकाची विश्वासार्हता पुन्हा तपासायला सांगतो. शिवाय झडतीचा भार कारणाशिवाय अडवल्या जाणाऱ्या हजारोंवर टाकायचा आणि शस्त्र बाळगणाऱ्याला एका दाखल्याचाही त्रास द्यायचा नाही, ही वाटणी कोणत्या न्यायाची? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : मानसिक आजाराचा शिक्का बसेल या भीतीने लोक डॉक्टरकडे जाणे टाळतील. म्हणूनच निदानाच्या यादीपेक्षा वर्तनावर लक्ष हवे. हल्लेखोर आधी कुठे ना कुठे आपला हेतू बोलून दाखवतो किंवा लिहितो, हे गीसन विद्यापीठातील ब्रिटा बान्नेनबर्ग यांच्यासारख्या अभ्यासकांच्या कामातून पुढे आले आहे. असा इशारा आला की चौकशी पूर्ण होईपर्यंत शस्त्र तात्पुरते ताब्यात घ्यावे आणि निर्धोक ठरल्यास परत द्यावे. कोणाचाही जीव किंवा अब्रू त्यात जात नाही.

हनाऊच्या हल्लेखोराने नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे तीन महिने आधी, संघीय महाअभियोक्त्यांना पत्र लिहून गुप्त संघटना आपल्यावर पाळत ठेवतात असे कळवले होते. त्याचा परवाना कायम राहिला. मारले गेलेले नऊही जण स्थलांतरित किंवा अल्पसंख्याक कुटुंबांतले होते, म्हणजे विनाकारण झडतीत ज्यांना हटकून थांबवले जाते अशाच लोकांपैकी. त्यांतील एका २२ वर्षांच्या तरुणाने आपल्या गाडीतून हल्लेखोराचा पाठलाग केला, ११० हा पोलिसांचा क्रमांक पुन्हा पुन्हा फिरवला, पण फोन लागलाच नाही. ठाण्यात पुरेशी माणसे नव्हती आणि न लागलेले फोन दुसरीकडे वळवण्याची सोय नव्हती. दुसऱ्या ठिकाणी त्यालाच गोळ्या घालण्यात आल्या. नवे पोलीस नेमायचेच असतील तर पहिली नेमणूक फोन उचलणाऱ्याची आणि परवान्याच्या फायली वाचणाऱ्याची व्हावी.

महाराष्ट्राच्या वाचकांना हे परके वाटू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला तो परवान्याच्या पिस्तुलातून. आठवड्याभरातच दहिसरमध्ये माजी नगरसेवकाची हत्या झाली ती हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलाने. तरी २०१९ च्या दुरुस्तीने भारतात परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे करण्यात आली आहे. नाकाबंदीत किती गाड्या तपासल्या याचे आकडे पोलीस आवर्जून देतात. किती परवानाधारकांच्या घरी जाऊन तपासणी झाली, किती परवाने निलंबित झाले आणि कोणत्या कारणाने, हे आकडे दरवर्षी जिल्हावार जाहीर व्हावेत, अशी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी.

– एक वाचक, फ्रँकफर्ट, जर्मनी